नाशकात लोक 'विकणे आहे'ची जाहिरात मध्येच का काढून टाकतात?

पाथर्डीफाटा
नमस्कार मंडळी. गेले आठ महिने रीसेलमध्ये टू बीएचके शोधतोय. बजेट पासष्ट लाख, ताणून सत्तर. गंगापूर रोड आपला नाही हे पहिल्याच रविवारी कळलं, मग इंदिरानगर, गोविंदनगर, अशोका मार्ग, तिकडून थेट म्हसरूळ. तीन घरं मनापासून आवडली आणि तिन्ही वेळा सेम गोष्ट.

पहिलं इंदिरानगरला. तोंडी सगळं ठरलं, गुरुवारी टोकन द्यायचं, बुधवारी संध्याकाळी बघतो तर जाहिरात गायब. मालक म्हणे "सध्या विचार नाहीये". दुसरं गोविंदनगरला, दोनदा बघून आलो, बायकोने मनातल्या मनात फ्रीजची जागा पण ठरवली, मग त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. तिसरं जास्त लागलं. म्हसरूळचं रो-हाउस, काकांनी स्वतः फिरवून दाखवलं, टाकीचं झाकण कसं उघडायचं, कुठला नळ डावीकडे जास्त फिरवला की थेंब थेंब गळतो, गच्चीवरून चामरलेणीचा डोंगर. काकूंनी साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. पाच दिवसांनी जाहिरात नाही. मागच्या आठवड्यात त्या गल्लीतून गेलो तर गेटवरची 'विकणे आहे'ची पाटी अंगणातल्या पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवलेली.

विकायचं नव्हतं तर जाहिरात दिली कशाला? इथे कुणी घर विकायला काढून परत मागे घेतलंय का? खरं कारण सांगा, मी रागावणार नाही.

चिवडा_कमी_तेलाचा
बसतो. चहा टाका कुणीतरी.

गोदाकाठ
भाव. दुसरं काही नाही. बिल्डिंगमध्ये कुणीतरी सांगतं की खालच्या मजल्यावरचा ऐंशीला गेला. त्या ऐंशीत मॉड्युलर किचन, दोन पार्किंग आणि सांगणाऱ्याची कल्पनाशक्ती धरलेली असते. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढा, सहासष्ट निघतो. पण मालकाच्या डोक्यात ऐंशी बसलेला असतो. तीन महिने लोक येतात, चौसष्ट-पासष्ट बोलतात, त्याला प्रत्येक वेळी अपमान झाल्यासारखं होतं आणि शेवटी जाहिरात काढतो. घर विकलं गेलं नाही म्हणण्यापेक्षा 'आम्हीच काढून घेतलं' म्हणायला बरं पडतं ना.

त्यात एप्रिल २०२५ ला महापालिका हद्दीतला रेडी रेकनर सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढला, तर आमचे एक शेजारी म्हणाले सरकारनेच भाव वाढवला, मी कमी का घेऊ. अहो तो मुद्रांक शुल्क मोजायचा दर आहे, तेवढे पैसे द्या असा गिऱ्हाइकाला आदेश नाही.

निवांत_नाना
तुम्ही कुंभ विसरलात. २०२७ चा सिंहस्थ, रिंग रोड, त्यात समृद्धी महामार्ग जून २०२५ ला मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण उघडला. प्रत्येकाला वाटतंय अजून दोन वर्षं थांबलो तर सोनं होईल. आमच्या आडगाव साइडला तर जाहिरात टाकतात ती निव्वळ किती ऑफर येते बघायला. पानवाल्याकडे वजनकाट्यावर उभं राहतात ना, तसं.

गोदाकाठ
@नाना, २०१५ च्या कुंभाच्या आधीही हेच ऐकलं होतं. मी तेव्हा थांबलो. वर्षभराने नोटाबंदी आली. पुढचं विचारू नका.

चावी_माझ्याकडे
मी या धंद्यात आहे, एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

पाथर्डीफाटा भाऊ, तुम्हाला गायब झालेल्या दिसणाऱ्या जाहिरातींमध्ये निम्म्या मालकाने काढलेल्याच नसतात. पोर्टलचा प्लॅन संपतो आणि परत पैसे भरायचा कंटाळा येतो. मालकाने तोच फ्लॅट पाच एजंटांना दिलेला असतो, पाचही जण वेगवेगळा भाव टाकतात, अडुसष्ट, बहात्तर, पंचाहत्तर, मग गिऱ्हाईक मालकालाच फोन करून विचारतं नक्की किती, आणि मालक वैतागून सगळं बंद करायला सांगतो. स्वतः जाहिरात टाकणाऱ्याला पहिल्या दिवशी पन्नास फोन येतात, त्यातले पंचेचाळीस आमचेच, हे मी मान्य करतो. दुपारच्या झोपेत सातवा फोन आला की माणूस घर विकायचंच सोडून देतो.

उरलेल्या निम्म्यांत एक प्रकार कुणी बोलत नाही तो म्हणजे काळं-पांढरं. मालकाला काही भाग रोख हवा असतो, तुम्ही नोकरदार, ऐंशी टक्के लोन काढणार, तुमच्याकडे रोख कुठून येणार. तो तोंडावर म्हणत नाही. 'विचार बदलला' म्हणतो. कायद्याने घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा वर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, पण हे सांगायला गेलं की मलाच विचारतात तुम्ही नवीन आहात का.

आणि एक. घर बघायला गेलात की भाव विचारायच्या आधी मालकाला विचारा, "तुम्ही कुठे राहायला जाणार?" लगेच उत्तर आलं तर तो विकणार. "बघू, मुलगा पुण्याला बोलावतोय" असं आलं तर खिचडी खा आणि घरी या.

सुलभा_नाशिकरोड
वरचं शेवटचं वाक्य वाचून हसले आणि मग जरा गप्पच झाले. कारण आम्ही ते 'मुलगा बोलावतोय'वाले.

जेलरोडला आमचं छोटं बंगलेवजा घर, १९९४ ला साडेतीन लाखात. यांना गुडघ्यामुळे जिना होत नाही म्हणून विकायचं ठरवलं. मुलाने फोटो काढले, जाहिरात टाकली. पहिले तीन-चार जण आले तोवर ठीक होतं. मग एक जोडपं आलं, चांगली माणसं होती हो, तक्रार नाही. ती मुलगी मागच्या अंगणात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, हे चिकूचं झाड काढलं की इथे गाडी बसेल. मी तिथेच धुणं वाळत घालत होते. हातातला टॉवेल तसाच पिळत राहिले, तो केव्हाच कोरडा झाला होता. रात्री हे म्हणाले, जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून घेऊ. पुढे आम्ही दोघं त्या विषयावर काही बोललो नाही. सकाळी मुलाला फोन करून जाहिरात काढायला लावली. त्या जोडप्याला सांगितलं भाव पटला नाही. खोटं होतं ते, भाव त्यांनी चांगला दिला होता.

पाथर्डीफाटा
सुलभाताई, म्हसरूळच्या काकांकडे चिकू नव्हता, पण मी गच्चीवर पत्र्याची शेड टाकीन म्हणालो होतो. मोठ्याने.

चिवडा_कमी_तेलाचा
सापडलं कारण. धागा बंद करा.

हिशेबी_माणूस
भावना ठीक आहे पण टॅक्सही बघा. माझ्या मावसभावाने सीएकडे जाऊन आल्यावर जाहिरात काढली. आता इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) बंद झालंय, जुनं घर विकलं की जवळजवळ सगळी रक्कम नफाच धरतात आणि साडेबारा टक्के जातात. सुलभाताईंच्या साडेतीन लाखांच्या घराचं बघा ना.

आकडेमोड
@हिशेबी, सरसकट बंद नाही झालं, ही अर्धवट माहिती फार फिरतेय. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल आणि विकणारा भारतात राहणारा असेल तर दोन्ही पद्धतीने गणित करायची मुभा आहे, २० टक्के इंडेक्सेशनसह किंवा साडेबारा टक्के त्याशिवाय, जो कमी बसेल तो. आणि १ एप्रिल २००१ च्या आधीचं घर असेल तर मूळ खरेदी किंमत धरायची सक्तीच नाही, २००१ चा बाजारभाव धरता येतो, फक्त त्या वेळच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त नाही. त्यासाठी व्हॅल्युअरचा दाखला घ्या. नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर तेवढी सूट मिळतेच. त्यामुळे फक्त टॅक्सच्या भीतीने जाहिरात काढली असेल तर मावसभावाला सीए बदलायला सांगा.

परदेशातल्या मालकाचं मात्र खरंच अवघड आहे. इथल्या विकणाऱ्याचा पन्नास लाख किंवा वरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस (घेणाऱ्याने आधीच कापून भरायचा कर) कापायचा असतो. एनआरआय असेल तर कॅपिटल गेनच्या दराने, आणि आधी कमी कपातीचं सर्टिफिकेट काढलं नसेल तर पूर्ण रकमेवर कापतात. माझ्या ओळखीत दोन सौदे यावरच मोडले.

हिशेबी_माणूस
ओके, धन्यवाद. सीए माझाच मेव्हणा आहे, बदलता येणार नाही.

सिन्नर_ते_सॅन_होजे
इकडे अमेरिकेतपण सध्या हेच चाललंय, डीलिस्टिंग म्हणतात. कारण थोडं वेगळं. जानेवारी २०२१ ला इथे तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांवर आला होता आणि तो तीस वर्षं फिक्स असतो. ऑक्टोबर २०२३ ला तोच ७.७९ वर गेला. आता ज्याच्याकडे पावणेतीन टक्क्यांचं कर्ज आहे तो घर विकून सहा-सातचं का घेईल? मनासारखा भाव आला तरच, नाहीतर जाहिरात खाली. दुसरं म्हणजे इथे घर किती दिवस बाजारात पडून आहे ते सगळ्यांना दिसतं. नव्वद दिवस झाले की घेणारा विचारतो यात खोट काय आहे. म्हणून काढून ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत नवी कोरी म्हणून टाकतात.

निवांत_नाना
आपल्याकडे फ्लोटिंग रेट, त्यामुळे ते कारण लागू नाही. पण शिळी जाहिरात ताजी करून टाकायची हे मात्र इथेही चालतं. पितृपक्षात काढतात, दसऱ्याला परत टाकतात. फोटोत गॅलरीतल्या कुंड्या तेवढ्या बदललेल्या.

सहावी_योजना
सिडकोवाल्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचं घर सिडकोचं, म्हणजे तेव्हा जमीन लीजवर, विकायचं तर सिडकोकडून ट्रान्सफरची परवानगी घ्यावी लागायची, ते एक. पण खरी गोची पुढे. वडिलांना मिळालं तेव्हा एक खोली-किचन होतं, मग माझ्या लग्नात वर एक मजला, धाकट्याच्या लग्नात अजून एक, बाहेरून गोल जिना. सगळ्या गल्लीने हेच केलंय. गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला, बँकेचा व्हॅल्युअर आला आणि मंजूर नकाशा मागितला. नकाशात तळमजला. तो दहा मिनिटं रस्त्यावर उभा राहून नकाशाकडे आणि घराकडे बघत होता, मग म्हणाला, साहेब, मी नेमकं कशाचं मूल्यांकन करू? लोन नामंजूर. रोखीने घेणारा मिळेपर्यंत जाहिरात बंद. गिऱ्हाइकाला कारण सांगायची लाज वाटली म्हणून मीपण 'विचार बदलला'च म्हणालो.

कॉलेजरोड_रिटायर्ड
यावरून नाशिकचं कपाट प्रकरण आठवलं. नवीन मंडळींना माहीत नसेल, बिल्डरांनी कपाटाची जागा खोलीत ओढून घेतली, त्यामुळे एफएसआय (प्लॉटवरच्या बांधकामाचं प्रमाण) वाढला आणि महापालिकेने पूर्णत्वाचे दाखले अडवले. किती बिल्डिंगा अडकल्या होत्या. लोक राहत होते, घरपट्टी भरत होते, पण विकायला काढलं की गिऱ्हाइकाची बँक पहिला कागद तोच मागायची. आमच्या विंगमधल्या चार जणांनी त्या वर्षी जाहिराती काढल्या. एका कपाटापायी. त्यात आमच्या घरी आजवर फक्त गाद्या ठेवल्यात.

भो_मालेगावचा
आमचा सौदा आमच्या बहिणीपाशी अडकला भो. अडकला म्हणजे ती नाही म्हणाली नाही. वडील गेले, सोसायटीत नॉमिनी मी, मला वाटलं मीच मालक. वकील म्हणाला नॉमिनी फक्त सांभाळणारा, मृत्युपत्र नाही म्हणजे आई, तुम्ही, बहीण तिघांचा सारखा हिस्सा, तिचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र आणा नाहीतर तिला खरेदीखतावर सहीला आणा. ताईला फोन केला तर म्हणे "येईन ना माहेरी तेव्हा बघू". दोन गणपती गेले. तिला पैसे नको आहेत हे मला माहितीये, मी स्वतः जाऊन विचारावं एवढंच असेल, पण मी फोनवरच विचारला. आता जाहिरात काढलीये, दिवाळीत जाऊन येतो तिच्याकडे.

सुलभा_नाशिकरोड
@भो, दिवाळीची वाट कशाला बघता, येत्या रविवारी जा. कागद नेऊ नका.

कागदपत्र_हरवले
माझी केस. होम लोन फिटलं, त्यानंतर फ्लॅट विकायला काढला, घेणाऱ्याच्या वकिलाला मूळ साठेखत (खरेदीआधीचा करार) हवं होतं आणि ते माझ्या बँकेलाच सापडेना. आज शाखेत आहे, उद्या मुंबईच्या गोदामात आहे. सात महिने. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी गेलं, जाहिरात मीच काढली, रोज कुणाकुणाला तेच सांगणार.

आकडेमोड
लोन १ डिसेंबर २०२३ नंतर फिटलं असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम तुमच्या बाजूने आहे. तीस दिवसांत मूळ कागद परत, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. हरवले असतील तर बँकेला आणखी तीस दिवस मिळतात, पण प्रमाणित प्रती काढून देणं आणि त्याचा खर्च बँकेवर. लेखी तक्रार करा, फोनवर नको.

कागदपत्र_हरवले
फेब्रुवारी २०२४ ला फिटलं. थांबा जरा, कॅल्क्युलेटर घेतो.

दुसरा_मजला
माझा भाडेकरू. फ्लॅट बघायला येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून बाथरूममध्ये नेऊन लीकेज दाखवायचा. वर "पावसाळ्यात या, अजून छान दिसतं". अकरा जणांना दाखवल्यावर मी जाहिरात काढली. भाडं मात्र एक तारखेला देतो, वाद नाही.

चावी_माझ्याकडे
असा भाडेकरू आमच्या धंद्यात असता तर मी अजून स्प्लेंडरवर असतो.

गोदाकाठ
@पाथर्डीफाटा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही सध्या राहताय तो फ्लॅट भाड्याचा की स्वतःचा? स्वतःचा असेल तर तो विकून टू बीएचके घेणार ना? त्याची जाहिरात?

पाथर्डीफाटा
आलो असतो त्या विषयावर.

स्वतःचा वन बीएचके आहे. जाहिरात जानेवारीत टाकली होती. एक मुलगा दोनदा येऊन गेला, अंबडला कंपनीत आहे, आईला गावाहून आणायचंय म्हणून घाईत होता. पण आमचं इंदिरानगरचं फिसकटलं त्याच आठवड्यात. मग हा विकून आम्ही जाणार कुठे, भाड्याने राहा, पोराची शाळा, दोनदा सामान हलवा. म्हणून जाहिरात काढली.

त्याला सांगितलं, सध्या विचार नाहीये.

चिवडा_कमी_तेलाचा
😂😂😂 उठतो आता.

निवांत_नाना
म्हणजे तो अंबडचा मुलगा कुठेतरी असाच धागा काढून बसला असेल. आणि तुमच्या इंदिरानगरवाल्याचंही कुणीतरी गोविंदनगरला फिसकटवलेलं असणार.

कॉलेजरोड_रिटायर्ड
यावर उपाय असतो हो. साठेखतात ताब्याची मुदत चार-सहा महिने लिहून घ्यायची, तेवढ्यात आपलं घर बघायचं. घेणाऱ्याला घाई नसेल तर ऐकतो. मी २००८ ला असंच केलं. नुसत्या तोंडी शब्दावर नको, आणि विसार (टोकन) घेतलात तर पावतीवर मुदत आणि सौदा मोडला तर काय हेही लिहा.

आकडेमोड
+१. फक्त बँकेला ती मुदत आधी सांगा, लोनची मंजुरी ठरावीक दिवसच चालते.

पाथर्डीफाटा
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. चावी साहेबांचा प्रश्न चार घरी विचारला. एकाने लगेच सांगितलं, धाकट्या भावाशेजारी फ्लॅट बुक केलाय, ताबा मिळालाय, चावी दाखवली. तिथे बोलणी चालू आहेत, पाथर्डी फाट्यावरच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, आणि इंडेक्स टू बघूनच आकडा बोललो. बाकी तिघांपैकी दोघे छताकडे बघायला लागले, तिसऱ्याच्या बायकोने आतून विचारलं, "हो, कुठे जाणार आहोत आपण?"

आमच्या वन बीएचकेची जाहिरात परत टाकली, ताबा सहा महिन्यांनी असं स्पष्ट लिहून. अंबडच्या मुलाला आधी फोन केला, त्याने सातपूरला घेतला म्हणे. बरं वाटलं आणि वाईटही. काल दिवसभरात एकवीस फोन, वीस एजंट.

चावी_माझ्याकडे
त्यातला एक मी होतो. आवाज ओळखला नाहीत.

दुसरा_मजला
@पाथर्डीफाटा, वन बीएचके केवढ्याला? मस्करी नाही, माझ्या भाडेकरूला घ्यायचंय. लीकेज असेल तर आधीच सांगा.

पाथर्डीफाटा
व्यक्तिगत निरोप करतो. लीकेज नाही. पार्किंग एकच, तेही खांबाशेजारी.

दुसरा_मजला
चालेल. आणि तुम्ही कुठे राहायला जाणार?